माझ्या वाटणीची प्रार्थना

आमच्या दादांनी माझ्या दोन्ही भावांना त्यांच्या त्यांच्या वाटणीची प्रार्थना देऊन टाकली आणि माझी तेवढी राहिली. असं बोलले की लोकांना वाटतं, मी शेताच्या बांधाबद्दल बोलते आहे. शेत आमच्याकडं कधी नव्हतंच. दादा म्हणजे माझे वडील. जन्मभर ते मंडळीत प्रचारक होते. सायकलवर फिरून गावोगावच्या चार-दोन ख्रिस्ती घरांना भेटी द्यायच्या, वचन वाचायचं, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, गेलेल्याला माती द्यायची, हे त्यांचं काम. आधी परंड्याला होते, मग ईटला, शेवटी मुरुमला आले आणि निवृत्त होऊन इथंच माझ्याजवळ राहिले. मुलांना मागं ठेवून जाण्यासारखं त्यांच्याकडं काही असेल तर तो त्यांचा आवाज होता.

आणि आवाज तरी कसा! ईटला आमच्या खोलीसमोर पिठाची गिरणी होती. दादा ओट्यावर प्रार्थनेला बसले की गिरणीवाला गिरणी बंद करून हात झाडत दारात येऊन उभा राहायचा. त्याला प्रार्थना ऐकायची असते अशी माझी लहानपणी ठाम समजूत होती आणि मी ती शाळेत सगळ्यांना ऐटीत सांगितली होती. एकदा दादांनीच खुलासा केला. "अगं, जातं नीट चालतंय का न्हाय, ते त्येला कानानं कळतं. माझ्या आवाजात त्येला काहीच कळंना, म्हणून थांबतो बिचारा." तरी त्यानं कधी तक्रार केली नाही. दादांचं आमेन झालं की तो परत आत जायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. सोलापूरच्या डॉक्टरांनी कंपवात आहे म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हात पुष्कळ आटोक्यात आला, पण आवाज बारीक व्हायला लागला. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले की या आजारात असं होतं, आवाज अजून खाली जाईल, कधी किती ते सांगता येत नाही. परतीच्या एसटीत दादा खिडकीशी बसून होते. येणेगूर आलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मला तिघांसाठीबी बसायचंय. एकेकासाठी, येगयेगळं. आवाज हाय तवर."

बसायचंय म्हणजे काय ते मला लगेच कळलं. आमच्या घराण्यात ही रीत आहे. चर्चच्या नियमात कुठं लिहिलेली नाही, पण आमच्याकडं चालत आली आहे. आईबाप थकले की एकेका लेकराला समोर बसवतात, डोक्यावर हात ठेवतात आणि त्या लेकराचं अख्खं आयुष्य, झालेलं आणि व्हायचं, प्रभूपुढं बोलून दाखवतात. मोठ्यानं बोलायचं असतं, कारण ते लेकराला पाठ व्हावं लागतं. दादांच्या वडलांनी त्यांच्यासाठी केलेली प्रार्थना त्यांना शब्दन्‌शब्द येते. आई गेली त्या आठवड्यात ते ती स्वतःशीच म्हणत बसले होते. त्यांच्या वडलांना जाऊन तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती.

नाताळला दोघं भाऊ आले. थोरला पुण्याहून, धाकटा लातूरहून. दादांनी एकेकाला आतल्या खोलीत घेतलं, दार लोटून घेतलं, तासतासभर. थोरला बाहेर आला तो कुणाकडं न बघता सरळ नळावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. धाकटा आमच्यातला बोलका, तो बाहेर आला आणि कुणी न सांगता जेवायची ताटं मांडायला लागला. माझी पाळी यायची तेव्हा मी चर्चच्या आवारात मोठ्या पातेल्यातल्या भाताला झाकण शोधत होते, कारण नाताळचं प्रीतिभोजन माझ्याकडं होतं. धाकटा हसून म्हणाला, "तुझी काय घाई आहे? तू तर घरातच आहेस." मलाही ते पटलं. जो घरात असतो त्याचं केव्हाही करता येतं, असं आपण धरून चालतो आणि मग त्याचं तेवढंच राहतं.

माझ्याबद्दल सांगायचं तर घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, जून आला की शाळेचे गणवेश. एवढ्यानं माणसाचं पोट भरतं आणि दिवसही भरतो. पण मी महिला मंडळाची सेक्रेटरी, संडे स्कूलची बाई, उपासनेला पेटी वाजवणारी, आणि चर्चची किल्लीही माझ्याच कमरेला. पाळकसाहेब उमरग्याहून येऊन जाऊन असतात, त्यामुळं बाकीचं सगळं मीच बघते, असं मी सगळ्यांना सांगायचे. मला वाटतं ते सांगायला मला आवडायचं. आमचे हे एसटीत कंडक्टर आहेत, रोज बसभर माणसं बघून शहाणे झालेले. ते म्हणायचे, "एक दिवस ती किल्ली हरवून बघ. देवाला आत यायला अडचण पडत नाही."

माझी जीभ तिखट आहे, मी त्यांना सोडायची नाही. पण खरं सांगते, त्या वर्षी माझी प्रार्थना आटून गेली होती. लोकांसमोर करायचे ती प्रार्थना नव्हे, ती फर्मास व्हायची. आजाऱ्याच्या उशाशी, बारशाला, दुकानाच्या उद्घाटनाला, कुठंही उभी करा, मी सुरू. एकटी बसून मात्र काही सुचायचं नाही. मशीनवर पाय चालू असायचा, तोंडात प्रभूचं नाव असायचं आणि डोक्यात बाह्या. मी किती दिवसांत एकटी बसले नाही, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दादा रोज विचारायचे. सकाळी मी चहा दिला की बोट वर करून म्हणायचे, "आज?" मी म्हणायचे, "उद्या नक्की." त्यांना घाईत नको होतं. एकदा मी म्हटलं, "दादा, आत्ता बसते, अर्धा तास आहे." त्यांनी मान हलवली. "अर्ध्या तासात तुझं लग्नापोतरबी होत न्हाय. मोकळी हो, मग ये." मी मोकळी होत नव्हते आणि त्यांचा आवाज उतरत होता. नाताळात तो फाटकापर्यंत जायचा. महाशिवरात्रीला दारापर्यंत जाईना. मी मशीन थांबवल्याशिवाय मला तो ऐकू यायचा बंद झाला आणि मशीन तर थांबत नव्हती.

त्या सुमाराला आमचा कापणीचा सण आला. ज्वारी निघाली की मंडळी पहिलं धान्य आणून वेदीपुढं ठेवते, मग चर्चच्या मागं मंडप घालून जेवण. मागची जागा पार उंचसखल झाली होती, वर वाळकं तण. मंडपवाला मंगळवारी येणार होता. त्याआधी वखर फिरवून जागा सारखी करून घ्यावी म्हणून मी रविवारी संध्याकाळी शेजारच्या अप्पांकडं गेले. अप्पा लिंगायत, घरात कानडी, बाहेर मराठी. आमच्या गल्लीत ट्रॅक्टर आले तरी त्यांनी बैल काढले नाहीत. मला ते कानडी रितीनं अक्का म्हणतात, वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे असले तरी.

"अप्पा, उद्या सकाळी बैल घेऊन या जरा. चर्चच्या मागं वखर फिरवायचाय."

"उद्या सोमवार हाय की अक्का."

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. या लोकांत बैल म्हणजे महादेवाचा नंदी, सोमवारी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तेवीस वर्षं शेजारी राहून दर सोमवारी ते दोन बैल लिंबाखाली धुऊनपुसून बसलेले मी बघत आले आहे. पण गरज आपली असली की दुसऱ्याचा नेम आपल्याला आठवत नाही.

"देवाचंच काम आहे अप्पा. तासाभराचं."

"आमचंबी देवाचंच चाललं हाय." त्यांनी बसलेल्या बैलाकडं हात केला. "उद्या त्यो बसनार. त्येच काम."

"मग मंडपवाल्याला काय सांगू मी?"

"ट्रॅक्टर बोलवा. त्येला वार न्हाय."

मी चडफडत निघाले. तेवढ्यात त्यांनी मागून विचारलं, "अक्का, तुमच्यातला वार कोन्ता?"

"रविवार. एवढी वर्षं शेजारी राहून ठाऊक नाही?"

"ठाऊक हाय. पर रविवारी तुमी पाचाला उठून देवळाचं आंगन झाडताव. मग पेटी उचलून नेताव. मग पोरं, मग उपासना, मग कुनाच्या घरी, मग आनिक कुनाच्या घरी. म्या वट्ट्यावर बसून बघतो. आठवड्यात लई पळताव त्यो वार त्योच. म्हनून इचारलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे तुम्ही मला बैलाच्या रांगेला बसवता का?"

"छे छे," अप्पा अगदी मनापासून म्हणाले, "बैलाला सुट्टी हाय."

घरी येऊन मी दादांना सगळा प्रसंग अप्पांच्या आवाजासकट करून दाखवला. ते माझी बाजू घेतील अशी माझी अपेक्षा होती. ते हसले. हसण्याचाही आवाज गेला होता, नुसते खांदे हलत होते. हसून झाल्यावर डोळे पुसले आणि बोट वर केलं. "आज?"

मी म्हटलं, "दादा, आता मला ट्रॅक्टरवाल्याला फोन करायचाय." इतकं सगळं ऐकून आणि करून दाखवून झाल्यावर मी हे म्हटलं. आठवलं की अजून कान गरम होतात.

पण अप्पांचं बोलणं कुसळासारखं रुतून बसलं. सण झाला, मंडप निघाला, तरी ते निघेना. आपण देवाची माणसं, सातवा दिवस विसाव्याचा हे आपणच लोकांना शिकवायचं, आणि आपल्याला कोणी विचारलं तर सांगायला आपल्याकडं दिवस नाही. यावर काहीतरी केलं पाहिजे, असं मी ठरवलं. आता मी जे केलं ते आमच्यासारखी चर्चची माणसंच करू जाणोत. मी मिटिंग बोलावली.

महिला मंडळात मी ठराव मांडला की आपण बायकांनी एक अख्खा दिवस विसावा घ्यायचा. स्वयंपाक नाही, धुणं नाही, शिवण नाही. चर्चमध्ये बसायचं, वचन वाचायचं, शांत राहायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी म्हणालं, स्वयंपाक नाही तर जेवायचं काय? म्हणून आचारी ठरला. वचन सांगायला बाहेरच्या बाई बोलवाव्यात असं ठरलं, म्हणून त्यांना आणायला गाडी आणि द्यायला शाल आली. गाणी नवी हवीत म्हणून पंधरा दिवस रोज संध्याकाळी सराव ठेवला. शांत राहण्याची वेळ दुपारी अडीच ते तीन अशी पत्रिकेत छापली. आणि फलक तर पाहिजेच.

फलकवाल्याला मी मजकूर सांगितला, मोठ्या अक्षरात एकच शब्द, विसावा. त्यानं हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं, बाई?" आमच्याकडं तिरडी नेताना वाटेत खांदा बदलायला खाली ठेवतात, त्या जागेला विसावा म्हणतात. हा शब्द लोकांच्या कानावर बहुतेक तिथंच पडतो. मी म्हटलं, "कोणी गेलं नाही. आम्ही जिवंत बायका बसणार आहोत." त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. गैरसमज नको म्हणून त्यानं आपल्या मनानं दोन बाजूंना गुलाबी कमळं काढून दिली.

दादांना मी शब्द दिला की त्या दिवशी मी तुमच्याजवळ बसणार. दिवसच विसाव्याचा, मग अडचण काय? त्यांनी आदल्या दिवशी ह्यांच्याकडून पांढरा सदरा इस्त्री करून घेतला. सकाळी नऊला मी त्यांना रिक्षानं चर्चमध्ये आणलं आणि वेदीमागच्या छोट्या खोलीत खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "दादा, अकराला येते."

अकराला पाहुण्या बाई आल्या. त्यांचा चहा झाला तोवर माईक बंद पडला. माईक लागला तोवर वरण कमी पडणार असं आचारी सांगत आला. अडीच वाजता चाळीस बायका डोळे मिटून शांत बसल्या आणि मी चपला हातात घेऊन, आवाज होऊ नये म्हणून, मागच्या दारानं पत्रावळी आणायला गेले.

तीन वाजून गेल्यावर मी त्या खोलीत शिरले. दादा खुर्चीत होते तसेच ताठ बसले होते. सहा तास. सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली होती. पायाशी त्यांनी सतरंजी चौघडी करून ठेवली होती, माझ्या गुडघ्यांना खालची फरशी टोचू नये म्हणून. थरथरत्या हातांनी, वाकून, ती कशी केली असेल ते प्रभू जाणे. मी तिच्यावर बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

आवाज आला नाही. सकाळच्या गोळीचा अंमल दुपारपर्यंत उतरतो आणि आवाज त्याच्याबरोबर जातो. दुपारची गोळी माझ्या पिशवीत होती आणि ती द्यायला मी विसरले होते. त्यांनी दोनदा खाकरून बघितलं. ओठ हलले, गळ्याची शीर वर आली, बाहेर नुसती हवा. मग त्यांनी हात काढून घेतला, राहू दे असं खुणेनं सांगितलं आणि बाहेर टांगलेल्या फलकाकडं बोट करून भुवया उंचावल्या. कार्यक्रम चांगला झाला का, असं विचारत होते.

मी तिथंच कोसळले. ओक्साबोक्शी रडले. बाहेर बायकांना वाटलं, सेक्रेटरीबाईंना पवित्र आत्म्यानं स्पर्श केला. दोघीजणी आत आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, चांगली मोठ्या आवाजात. दादा त्या दोघींकडं आणि माझ्याकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग कुठंच नव्हता आणि मला तेच सोसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चर्चची किल्ली कोषाध्यक्षबाईंच्या हातात दिली. त्या घाबरल्या, म्हणाल्या मला जमायचं नाही. मी म्हटलं, नाही जमलं तर झाडू नका, प्रभू धुळीतही बसतो. पेटी एका कॉलेजातल्या मुलीला दिली. तिचा एक सूर चुकतो, अजून चुकतो, कुणाचं काही बिघडलेलं नाही. आणि दुकानाच्या दाराला पुठ्ठा लावला, सोमवारी दुकान बंद. रविवार एकदम सुटण्यासारखा नव्हता, एवढं माझं मला कळत होतं. गिऱ्हाइकं कुरकुरली. एका नवरीच्या आईनं तर तुम्ही लई बदललात म्हणून ऐकवलं. अप्पांनी वट्ट्यावरूनच पुठ्ठा वाचला.

"सोमवार धरला व्हय अक्का?"

"धरला."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि एवढ्यावरच थांबले. त्यांचं ते दुसरं काही न बोलणं मला फार आवडलं.

पहिल्या सोमवारी ह्यांची रजा होती. मी फोन बंद करून त्यांच्या हातात दिला. दादांना साडेआठला गोळी दिली, कारण गोळीनंतर दीड तासानं आवाज त्यातल्या त्यात बरा असतो. दहाला आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. ते पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले, मी खाली सतरंजीवर. हात माझ्या डोक्यावर आला. आधी केसांवर तो थरथरत होता, मग जड झाला आणि थांबला.

"हे बापा," दादा म्हणाले, "परंड्याच्या त्या भाड्याच्या खोलीत तू ही माझ्या हातात दिलीस."

आवाज होता. धाग्याएवढा, पण होता. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. ते हळूहळू बोलत राहिले. मी उशिरा चालायला लागले ते. ईटच्या शाळेत मी एका पोराचं नाक फोडलं होतं ते, मला वाटलं होतं दादांना कळलंच नव्हतं. आई गेल्यावर घरातल्या सगळ्यांचे कपडे मी हातानं शिवले ते. माझं एक मूल पोटातच गेलं, त्याबद्दल आम्ही घरात कधी बोललो नाही, त्याबद्दलही ते बोलले, आणि त्या लेकरासाठी त्यांनी एक शब्द वापरला तो मी इथं लिहीत नाही. आवाज खाली खाली जायला लागला, तशी मी पुढं सरकले. त्यांच्या मांडीवर कान टेकवला म्हणजे आतून ऐकू येईल असं वाटलं. धोतराला साबणाचा आणि बामचा वास होता. पंखा फिरत होता. कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, ती माझ्या घरातली नव्हती आणि मला उठायचं नव्हतं. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा साडेबारा झाले होते. गालावर धोतराची वीण उमटली होती आणि तोंडातून लाळ गळून त्यांच्या मांडीवर ओला डाग पडला होता. पलंगावर चहाचा कप होता, ह्यांनी कधीतरी आणून ठेवलेला, त्यावर जाड साय धरली होती. दादांनी तो उचललेला नव्हता, कारण कप उजवीकडं होता आणि उजवा हात माझ्या डोक्यावर होता.

"दादा, मी झोपले?"

त्यांनी मान हलवली.

"आणि प्रार्थना?"

ओठ हलले. मी उठून त्यांच्या तोंडाशी कान नेला. "झाली. आमेन राह्यलंय."

आमच्यात ज्याच्यासाठी प्रार्थना करतात त्यानं करणाऱ्याबरोबर आमेन म्हणायचं असतं. त्याशिवाय ती पुरी होत नाही. म्हणून ते दोन तास तसेच बसून होते, हात न हलवता, पायाला मुंग्या येऊन पाय दगड झाला तरी. मला रडू कोसळलं. सगळ्या जन्माची पुंजी म्हणून जी द्यायची ती त्यांनी दिली, आणि मी ती घोरत घालवली. पुढचं आयुष्य मी काय पाठ म्हणणार होते? मी त्यांचे दोन्ही हात धरले. "दादा, मी काहीच ऐकलं नाही. माझ्या पुढच्या आयुष्याचं तर काहीच नाही. पुन्हा म्हणा. थोडंसं म्हणा. मी गोळी देते, तासभर थांबू."

त्यांनी डोकं हलवलं. माझं डोकं ओढून परत आपल्या तोंडाशी घेतलं. शब्द तुटून तुटून येत होते, प्रत्येकाला मध्ये श्वास लागत होता.

"परत कशाला? मागितलं, ते त्यानं दिलं. बघतच बसलो होतो मी."

"काय मागितलं होतं?"

"हिला जरा निजू दे, म्हणलं."

बाहेरच्या खोलीत दुकानाचं दार कुणीतरी वाजवलं आणि ह्यांनी आज बंद आहे म्हणून सांगितलेलं ऐकू आलं. दादांनी पुन्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो आता परत थरथरत होता, आणि माझ्याकडं बघत वाट पाहिली. मग आम्ही दोघांनी मिळून आमेन म्हटलं. माझंच तेवढं ऐकू आलं.